शे ना!

उजव्या हाताचा पंजा आभाळाकडे उलटा करायचा, मान किंचित डावीकडे टाकायची आणि म्हणायचं, “शे ना!” आबांची ही लकब ज्यानं एकदा पाहिली तो ती विसरला नाही. पोहे आहेत का? शे ना! चहा? शे ना! आबा, आज उपवास आहे हो, साबुदाणा असेल का? “शे ना, भाऊसाहेब, बठा!” मग आम्ही बसायचो आणि आबा मागच्या दारानं साबुदाणा शोधायला पळायचे.

हे नरडाण्याच्या एका कारखान्यातलं कँटीन. मी तिथं टाइम ऑफिसात कारकून होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या उशिराची नोंद ठेवणारा आणि स्वतः धुळ्याहून रोज उशिरा येणारा. आबा कँटीन चालवायचे. तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो, ‘शे’ म्हणजे ‘आहे’. पण आबांच्या तोंडी त्याचा पूर्ण अर्थ असा होता, की आत्ता नसेल, पण तुम्ही विचारलंत म्हणजे आता ते असायलाच हवं. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या जिभेला माहीतच नव्हता. एकदा बाहेरगावाहून आलेल्या मोठ्या साहेबांनी दहीवडा मागितला. “शे ना!” पंधरा मिनिटांनी दह्यात बुडवलेली बटाटाभजी आली. साहेबांनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि वर म्हणाले, तुमच्याकडच्या दहीवड्याला काही वेगळीच चव आहे.

असे एखादे आबा तुम्हीही पाहिले असतील. पण ह्या आबांना एकदा, आयुष्यात पहिल्यांदाच, ‘नाही’ म्हणावं लागलं. ती वेळ त्यांच्यावर मी आणली. मला हसत हसत सांगायची खोड आहे म्हणून तसं सांगतोय. गोष्ट हसण्यासारखी नाही.

आबांना एकच मुलगी. नऊ वर्षांची असताना ती गुलाबाईच्या दिवसांत तापानं गेली. आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाई बसवतात, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. डबा हलवायचा, कान देऊन ऐकायचं आणि म्हणायचं, लाडू, करंजी, खोबरं. ह्या पोरीच्या डब्यातली खिरापत म्हणे कुणालाच ओळखता यायची नाही.

मी त्यांच्या गावी भेटायला गेलो होतो. सोनगीरच्या अलीकडे महामार्ग सोडून आत गेलं की एक लहान गाव, गावाबाहेर ढासळलेली मातीची गढी, गढीच्या अंगाला आबांचं घर. एरवी माझं तोंड थांबत नाही, पण अशा जागी एक शब्द फुटत नाही. मान खाली घालून तासभर बसलो, हात जोडले आणि निघालो.

त्यानंतर कारखान्यात कुणी नवा माणूस आला आणि त्यानं सहज विचारलं, “आबा, मुलंबाळं किती?” की पंजा वर व्हायचा. “एक आंडेर शे ना!” आंडेर म्हणजे मुलगी. आम्ही बाकीचे ताटात बघायचो. ‘व्हती’ हा शब्द काही आबांच्या भाषेत नव्हता असं नाही. पण तो त्यांना कुणी सुचवला नाही, मीही नाही.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, माहेरच्या असोद्याच्या. असोदा जळगावाजवळ, तिथली बोली वेगळी, तिथं ‘शे’ नसतं, ‘हाये’ असतं. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी वहिनींनी आपलं ‘हाये’ सोडलं नव्हतं. “ह्यांचं शे आन् माहं हाये, घरात कमी काय पडंल?” असं त्या पूर्वी म्हणायच्या. मुलगी गेल्यावर म्हणायच्या बंद झाल्या. रडल्या मात्र नाहीत, असं आबा सांगायचे. एकदाही नाहीत.

पुढे कँटीन दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि आबा गावी परतले. घराशेजारी त्यांनी दोन खोल्या बांधल्या, पुढे ओटा काढला आणि पाटी लावली. पेंटरनं ‘कॉटेज’वरचा चंद्र खाल्ला, त्यामुळे पाटीवर ‘काटेज’ झालं. सभोवती बाभळी असल्यानं ते चुकीचं म्हणता येईना. शहरातली माणसं पावसाळा सरला की दोन दिवस गावाकडे राहायला येतात, गढ्या-किल्ले बघतात, असं आबांनी कुठंतरी ऐकलं होतं. पहिलं वर्षभर त्या खोल्यांत फक्त चिमण्या राहिल्या.

“भाऊसाहेब, तुम्ही तरी या!” असा फोन आला आणि दसऱ्याला जोडून आम्ही गेलो. मी, बायको, माझी बहीण, मेहुणे आणि दोन भाच्या. वाटेत कापूस फुटलेला, बाजरी कापून पडलेली, ऊन असं की कपाळ भाजावं. गढीच्या पलीकडे एक बारव आहे, पायऱ्यांची जुनी विहीर. पाऊस बरा झालेला, निम्म्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. संध्याकाळी ओट्यावर बसलो. वहिनी चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मोठ्या भाचीनं विचारलं, “आबा, इथे भूत आहे का?”

पंजा आभाळाकडे. मान डावीकडे. “शे ना!”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कँटीनमध्ये मागच्या दारानं साबुदाणा आणायला पळायचे, तसं आता भूत आणायचं काम माझ्यावर आलं होतं.

मला घरात गप्पांचा टाइमकीपर म्हणतात. बायको म्हणते, ह्यांना अंगणात उंदीर दिसला तर आत येईपर्यंत त्याचा बिबट्या होतो. मी खाकरलो आणि सुरू केलं. गढीच्या मालकाची लेक. बारवेच्या पायऱ्यांवर खेळायची. एक दिवस दिसेनाशी झाली. आश्विनात दिवस मावळताना अजून ती वर येते. दिसत नाही. फक्त पैंजण वाजतं. एकच. दुसरा पाय मुका असतो. छन्… मग काही नाही. छन्… मग काही नाही.

भाच्या एकमेकींना चिकटल्या. मेहुण्यांनी पाय वर घेतले. मी खूश. चुलीकडे पाहिलं तर वहिनींच्या हातात थापलेली भाकरी तशीच होती. ना तव्यावर, ना परातीत. आबाही माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, गोष्ट फारच रंगली.

भाचीनं ती गोष्ट तिथंच फोनवर घेतली होती. माझा आवाज, मागे बारव, मावळतं ऊन. ती तिनं सगळ्यांना पाठवली आणि त्यांनी आणखी सगळ्यांना. महिन्याभरात काटेजच्या दोन्ही खोल्या भरल्या. मी उत्साहानं एका कागदावर वाटच आखून दिली: आधी गढीचा दरवाजा, मग मुंजाचा पिंपळ, मग साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आणि दिवस मावळायला बारव. नाशिकचे लोक यायचे, सुरतचे, इंदूरचे. आबा टॉर्च घेऊन पुढे चालायचे. मी बायकोला म्हणालो, “बघ, माझ्या गप्पांनी एका माणसाचं घर उभं केलं.” ती म्हणाली, “पडेल तेव्हाही सांगा.”

दुसऱ्या वर्षी, पोळा झाल्यावर, आबा धुळ्याला माझ्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा समोर निवला.

“भाऊसाहेब, ते एक पैंजण तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कुणी नाही, आबा. मी रचलं.”

“आमच्या आंडेरचं एक पैंजण कापसाच्या वावरात हरवलं. दुसरं घरात शे. खिळ्याला.”

मी काही बोलणार, तेवढ्यात मला ते दिसलं. भेटायला गेलो होतो त्या दिवशी, खाली घातलेली मान मी एकदाच वर केली होती. समोर भिंतीवर खिळा, खिळ्याला लहानसं पैंजण. एकच. दुसरं कुठे असेल, असा विचार आला होता. लाज वाटून मी तो लगेच टाकून दिला होता. टाकलेलं कुठे गेलं होतं ते आता कळलं. दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेली वस्तू मी त्यांच्याच ओट्यावर बसून, माझी म्हणून, वाजवून दाखवली होती.

“तुमची वहिनी रोज बारवेवर जाते,” आबा म्हणाले. “पाहुणे सकाळी चहाला बसले की विचारते, वाजलं का? आणि पाहुणे काय म्हणणार, एवढ्या लांबून आलेले. म्हणतात, हो काकू, वाजलं! मग ती एक पायरी आणखी खाली बसते. पाणी वर चढतंय, ती खाली उतरतेय. गुलाबाई बसली की काय करील ते…” ते थांबले. “माझ्याकडे बघते आणि विचारते, हाये ना? मला म्हणता येत…”

‘नाही’ तिथंही आलं नाही. वाक्य तसंच खुर्चीवर राहिलं.

“तुम्ही उभं केलं, भाऊसाहेब. तुम्हीच खोडा.”

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. भर दुपार होती, वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. “वहिनी, ती गोष्ट खोटी. मी ते खिळ्यावरचं पैंजण पाहिलं होतं, माझ्या ध्यानातही नव्हतं, तेच तोंडातून आलं. मला चपलेनं मारा, पण बारवेवर जाऊ नका.”

त्यांनी मला एक मूठ शेंगदाणे दिले. “भाऊजी, त्या दिवशी घरात चाळीस माणसं आली. कोनाच्या नजरेला पडलं नाई ते. तुमच्याच पडलं. मंग ते कोनं दाखवलं तुमाले?”

मी शेंगदाणे खिशात टाकले.

“एक पाहुना खोटं बोलंल, दोन बोलतीन. नाशिकचे, सुरतचे, इंदूरचे, समद्यायचं खोटं एकसारखं कसं?”

कारण सगळ्यांनी माझाच आवाज ऐकलेला होता, असं मी म्हणालो. त्या हसल्या. पोराला समजावून दमल्यावर आई हसते तसं. मला माझी गोष्ट परत घेता येईना. आयुष्यभर मी ज्याचा तोरा मिरवला, लोकांना पटवायचं, ते पहिल्यांदाच नीट साधलं होतं.

मग मी पाटी लिहिली: ‘येथे भूत नाही. बारवेवर जाऊ नये.’ चार दिवसांत लोक पाटीशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. नाही म्हणतात म्हणजे नक्की आहे, असं आपसांत म्हणू लागले. आबांना म्हटलं, पाहुणेच घेऊ नका. फोन आला की सांगा, खोली नाही. माझ्यासमोरच फोन वाजला. “हॅलो, खोली मिळेल का?” आबांनी डोळे घट्ट मिटले, ओठ दाबून धरले आणि पंजा वर गेला. “शे ना!” फोन खाटेवर टाकून त्यांनी आपल्याच तोंडावर चापट मारली. मग दुसरी. मी हात धरला. त्या हाताला अजून कँटीनच्या फोडणीचा वास होता की मला तसं वाटलं, कोण जाणे.

वहिनींना असोद्याला भावाकडे नेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या बस धरून परत आल्या. बारवेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. त्यांनी ते हातांनी ओढून काढलं. रक्ताळलेल्या हातांनी त्याच रात्री भाकरी थापल्या. डॉक्टरांच्या गोळ्या त्या उंबऱ्यावरच्या कुंडीत पुरून ठेवायच्या. गावातल्या मुली गुलाबाईची गाणी म्हणत ह्या घरावरून जायच्या, आत यायच्या नाहीत. त्यांच्या आयांनी त्यांना सांगितलं होतं, त्या घरात ती पैंजणवाली आहे. माझी पैंजणवाली.

कोजागरीला आबांचा फोन आला. “या, भाऊसाहेब.” एवढंच.

मी पोहोचलो तेव्हा दिवस गढीआड चालला होता, पण उजेड चांगला होता. बारवेच्या काठावर आदल्या दिवशीचे पाहुणे फोन धरून उभे. मी त्यांना इतक्या मोठ्यानं हाकललं की माझा मलाच धक्का बसला. ह्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडाचा झालेला तेवढाच उपयोग. खाली पाहिलं. शेवटच्या कोरड्या पायरीवर वहिनी बसलेल्या, पाय पाण्यात. मांडीवर स्टीलचा डबा. त्या तो हलवायच्या, कान द्यायच्या, थांबायच्या. पुन्हा हलवायच्या.

आबा पायऱ्या उतरून त्यांच्यामागे उभे राहिले. “चाल वर.”

“थांबा. ओळखू द्या तिले.”

“चाल, मन्ही माय.”

“लांब हाये अजून, म्हनून ओळखू येईना तिले.” त्या उठल्या आणि एक पायरी उतरल्या. मग आणखी एक. पाणी गुडघ्यांना लागलं. पुढची पायरी हिरवीगार, शेवाळलेली. “तुम्ही सांगा ना मोठ्यानं. तुमचं ऐकंल ती. हाये ना ती? सांगा ना. हाये ना?”

मी वरून पाहत होतो. आबांचा उजवा पंजा उचलला गेला. आपोआप, जसा पोह्यांसाठी उचलायचा, चहासाठी उचलायचा, आयुष्यभर सगळ्यांसाठी उचलला तसा. अर्ध्यावर आला. मान डावीकडे कलायला लागली. आता संपलं, असं मला वाटलं.

आबांनी डाव्या हातानं तो पंजा मनगटात धरला आणि खाली ओढला. एखाद्या दुसऱ्याच माणसाचा हात खाली ओढावा तसा, जोर लावून.

“नही,” ते म्हणाले. मला जेमतेम ऐकू आलं. मग मोठ्यानं, “नही वं. व्हती. आपली आंडेर… व्हती.”

दगडांनी तो शेवटचा शब्द एकदा परत म्हटला.

वहिनींनी डबा त्यांच्या अंगावर फेकला. तो कपाळाला लागला, झाकण उडालं. मुरमुरे आणि गुळाचे खडे होते. गूळ बुडाला, मुरमुरे पाण्यावर पसरले. मग वहिनींच्या घशातून जो आवाज निघाला तो मी इथे लिहू शकत नाही. इतकी वर्षं न आलेलं रडणं एकदम आलं. आबांनी त्यांना दंडाला धरलं आणि एकेक पायरी वर आणलं. वर येईपर्यंत कपाळाचं रक्त भुवईवर आलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

काटेजची पाटी दुसऱ्या दिवशी उतरवली. काही दिवसांनी दोघंही असोद्याला वहिनींच्या भावाच्या मळ्यात राहायला गेले. वहिनी हळूहळू ठीक झाल्या. जेवू लागल्या, मळ्यातल्या बायकांत बसू लागल्या. पण आबांची गंमतच झाली म्हणायची. त्यांना ‘नाही’ म्हणता येऊ लागलं आणि ‘शे ना’ येईना. फोन केला, आबा, बरं आहे ना? “आहे.” सरळ पुस्तकी ‘आहे’, हजेरीपटावर सही केल्यासारखं. काही हवंय का? “नाही.” येऊ का भेटायला? “नाही, कशाला एवढ्या लांब.” मी ‘शे ना’ ऐकायला मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारायचो. आबा, तिकडे दहीवडा मिळतो का हो? “नाही. ठेवतो फोन.”

उन्हाळ्यात एका सकाळी ते उठले नाहीत.

मला दहाव्यालाही जाता आलं नाही. म्हणजे जाता आलं असतं, गेलो नाही. पुन्हा गुलाबाईचे दिवस आले तेव्हा मात्र जळगावची गाडी धरली आणि पुढे असोद्याला पोहोचलो. केळीच्या बागेला लागून दोन खोल्या. भिंतीवर खिळा, खिळ्याला ते पैंजण आणि त्याच्यावरून टाकलेला आबांचा चौकड्यांचा पंचा, कँटीनमध्ये खांद्यावर असायचा तो. मी पुन्हा मान खाली घालून बसलो.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तिकडे गेलते का? गढीकडे?”

“गेलो होतो मागच्या महिन्यात.”

“ऐकू येते का काही?” थोडं थांबून म्हणाल्या, “ह्यांचं?”

खरं सांगतो, माझ्या तोंडात गोष्ट तयार होती. ओट्यावर चपलांचा फटफट आवाज. वाऱ्यावर फोडणीचा वास. कुणी हाक मारली तर आतून येणारी ओ. इतकी सुंदर जमली होती की जीभ वळवळली. आणि वहिनी माझ्याकडे बघत होत्या. बारवेच्या काठावर उभं राहून बघावं, तशा.

मी मान वर केली. खिळ्यावरचा पंचा दिसला.

“नाही, वहिनी,” मी म्हणालो. “होते.”

त्यांनी ऐकलं. पदर डोळ्यांना लावला, पुन्हा मांडीवर ठेवला, नीट केला. उठून आत गेल्या. मी एकटा भिंतीसमोर. आता बसावं की जावं, कळेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून, ज्याला दुसरं काही सुचत नाही असा माणूस विचारतो ते विचारलं, “वहिनी, चहा आहे का?”

आत पातेल्यावरचं झाकण वाजलं.

“शे ना!”

आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या शेजारी दूध मागायला गेल्या होत्या.